कोणाच्या छातीएवढं पाणी?

दिगूभाऊ गेल्याची बातमी मला ज्या माणसाकडून कळली, त्याचं तोंड पाहायची दिगूभाऊंना गेलं वर्षभर इच्छा नव्हती. सकाळचा चहा पुढ्यात होता. फोन वाजला आणि अमरावतीच्या साहित्यिक मंडळींच्या ग्रुपवर मजकूर येऊन पडला, 'इतिहासाचा मूक साक्षीदार, वर्धामाईचा सुपुत्र हरपला.' खाली तेवती समई, आणि समईच्या खाली पाठवणाऱ्याचा स्वतःचा फेटा बांधलेला फोटो. श्रद्धांजलीतसुद्धा स्वतःचा फोटो घालायची या गृहस्थांची हातोटी जुनी आहे. मजकुराखाली हात जोडल्याची चित्रं धडाधड पडू लागली. मूक म्हणे! दिगूभाऊ आणि मूक! जो माणूस भाषण चालू असताना मागच्या रांगेतून 'खोटं हाय' म्हणून ओरडायचा, त्याला मेल्यावर दहा मिनिटांत मूक करून टाकलं. तेवढ्यात आतून बायकोचा, शोभाचा आवाज आला. तिलाही गावाहून फोन आला होता. सकाळी वांग्याच्या वाफ्यात बसले ते उठलेच नाहीत… बस, एवढंच. शोभाचा तो सख्खा मोठा भाऊ. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि आम्ही मिळेल त्या गाडीने अकोल्याहून धामणगावला निघालो.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्यावर दोन शोकसभा झाल्या आणि तीन लेख आले. तिन्ही लेखांत नदी दुथडी भरून वाहते आहे. म्हणून हा चौथा लेख.

दिगूभाऊ माझे मेव्हणे. धामणगाव रेल्वेहून वर्धा नदीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांचा भाजीपाल्याचा मळा, आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांची लागवड. तरुणपणी फौजेत होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. उंची सहा फूट, आवाज त्याहून मोठा. मी पाच फूट दोन इंच, मराठीचा प्राध्यापक, आता निवृत्त. निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाला वऱ्हाडात दोनच कामं उरतात, सत्काराला बसणं आणि प्रस्तावना लिहिणं. मी दोन्ही मनापासून करत आलो. दिगूभाऊ मला अखेरपर्यंत 'जवाईबापू' म्हणत. आदराने म्हणत की टोमण्याने, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

लग्नानंतरचा पहिला दसरा. सासरी गेलो होतो. आमच्याकडे दसऱ्याला शिलांगणाला जायचं म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत जायचं, आपट्याची पानं तोडायची आणि सोनं म्हणून वाटत घरी यायचं. दिगूभाऊंना ते मान्य नव्हतं. 'सीमा वलांडाची म्हनता अन् म्हसोबापासून वापस येता, हे काय शिलांगण हाय जी? सीमा थे पाहा तिकडं,' म्हणून त्यांनी नदीकडे बोट केलं. एके काळी नदीच्या पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता आणि अलीकडे निजामाचा. म्हणून दर दसऱ्याला दिगूभाऊ वर्धा पायी ओलांडायचे, पलीकडच्या काठावरची आपट्याची पानं आणायचे आणि तेच सोनं गावाला द्यायचे. त्या वर्षी मलाही नेलं. मला पोहता येत नाही हे मी नदीच्या मध्यावर पोहोचल्यावर सांगितलं. ते हसले नाहीत. हातात वेळूची एक उंच काठी होती, ती वाळूत रोवून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, 'माह्या दुपट्ट्याले धरा. मी ठेवतो तिथंच पाय ठेवा.' पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या दुपट्ट्याचं टोक धरून सीमा ओलांडत राहिलो.

त्या काठीवर खाचा होत्या. घोटा, पिंढरी, गुडघा, मांडी, कंबर, छाती. फूट-मीटर नाहीत. 'मानसाले पाय असतात, फूटपट्टी नसते,' हे त्यांचं म्हणणं. नदीत जिथून पायी पार होता येतं त्या जागेला उतार म्हणतात. आपल्या भागातल्या नदीचे सगळे उतार दिगूभाऊंनी त्या काठीने मोजलेले होते. एकदा मोजून थांबले असते तर ती हौस म्हटली असती. ते वर्षातून चार वेळा मोजत. वर धरण झालं, उतार बदलले, पुन्हा मोजले. काठी मात्र कधी कोणाच्या हातात दिली नाही. पोरं मागायची, तर म्हणायचे, 'खेळनं हाय का बे?'

फौजेतल्या गोष्टी ते सांगत नसत. एकदाच बोलले, डांगरवाडीच्या झोपडीत बसून, टरबूज कापता कापता. देशाच्या सरहद्दीजवळच्या एका नदीवर सराव होता. पाऊस चालू होता. पाणी मोजायला गेलेले हेच. त्यांनी येऊन सांगितलं, आज उतार नाही, दोन दिवस थांबा. साहेब तरुण होता, शूर सरदारांच्या गोष्टी वाचून आलेला. तो म्हणाला, नद्या थांबणाऱ्यांसाठी नसतात. तुकडी पाण्यात घातली. तेल्हाऱ्याकडचा एक जवान गेला, यांचाच जोडीदार. 'साहेबाचं वाक्य लई चांगलं होतं, जवाईबापू,' दिगूभाऊ म्हणाले, आणि मला टरबुजाची फोड दिली. 'तुमच्या पुस्तकात शोभलं असतं.' आम्ही बिया थुंकत बसलो.

त्यामुळे नदीबद्दल कोणी अलंकारिक बोललं की त्यांचं डोकं फिरायचं. आपल्या कादंबऱ्यांतली नदी पाहा म्हणायचे. नायक काठावर आला रे आला की तिला पूर येतो. चंद्र असतो, वीज चमकते, आणि दोन्ही एकाच रात्री. सरदार तलवार उपसतो, घोडा पाण्यात घालतो, मागे पाच हजार स्वार. पाच हजार घोडी पुरात घालणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी किती उरतील, हा हिशेब कोणी लेखक करत नाही. खरी फौज कशी चालायची? पावसाळाभर छावणीत बसायची. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, कारण तोवर नद्यांना उतार पडलेला असतो, वाटा सुकलेल्या असतात. मग निघायचं. सीमेवरच्या नदीशी येऊन थांबायचं, कधी कधी महिना महिना थांबायचं, कारण घोड्यांना वैरण लागते आणि काठावरच्या वावरातली ज्वारी तयार व्हायची असते. 'लढाई कडब्यावर चालते जी. पन कडब्यावर कविता कोन लिहीन?' लष्करी इतिहासात सीमेवरची नदी म्हणजे थांबण्याची जागा, आणि आमच्या साहित्यात उडी मारण्याची. बरं, सीमा तरी कोणाला दिसत होती? दोन्ही काठांच्या सोयरिकी होत्या, म्हशी या काठाला चरायच्या आणि त्या काठाला दुभायच्या. सीमा दिसायची ती सरदारांना आणि त्यांच्यानंतर कादंबरीकारांना.

हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. एक लांब वही, जाड पुठ्ठ्याची, वर ठसठशीत अक्षरात 'वर्धा नदीचे उतार'. काही वर्षांपूर्वी एका दसऱ्याला त्यांनी ती माझ्या हातात दिली. हा माणूस कधी लाजलेला मी पाहिला नव्हता, त्या दिवशी पाहिला. 'छापता येते का पाहा. माह्या नावानं. लोकायले कळलं पाह्यजे, कोठी उतार होता अन् कोठी नव्हता.' एवढीच त्यांची आयुष्यातली मागणी. मी वही घरी आणली, कपाटात ठेवली आणि उघडली नाही. टरबूज लावणाऱ्या माणसाच्या वहीत काय असणार, असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, 'वाचली का?' मी म्हटलं, 'वाचली. उत्तम आहे.' हे मी इतक्या सराईतपणे म्हटलं की मलाही खरं वाटलं. न वाचता उत्तम म्हणण्याचा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

त्याच सुमारास समईवाले गृहस्थ वर्धेच्या काठावरच्या लढाईची ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते. त्यांचं नाव घेत नाही, कादंबरीचंही घेत नाही, उगाच दोन प्रती जास्त खपायच्या. मी वही त्यांना देऊन टाकली. संदर्भाला उपयोगी पडेल, ऋणनिर्देशात दिगूभाऊंचं नाव येईल, आणि माझ्या मागची छापण्याची कटकट जाईल. कादंबरी आली. सरदार दोन महिने नदीकाठी थांबला आहे, कारण पलीकडच्या काठावर एक पाटलाची लेक कपडे धुवायला येते. शेवटी श्रावणातल्या एका वादळी रात्री विरह असह्य होऊन तो छातीभर पाण्यात घोडा घालतो, मागे फौज. श्रावणात! पाचशे पानं, आणि त्यातली पहिली सात माझ्या प्रस्तावनेची. 'वर्धेच्या पाण्याचा थेंब न् थेंब लेखकाने अभ्यासला आहे,' हे वाक्य माझं आहे. 'दिगांबर निंभोरे यांच्या अमूल्य टिपणांचा लेखकाने साक्षेपाने उपयोग केला आहे,' हेही माझंच.

दिगूभाऊंनी कादंबरी वाचली. फोनवर फक्त एक प्रश्न विचारला. 'छातीभर पानी म्हनते. कोनाची छाती, जवाईबापू? घोड्याची का मानसाची? लंब्या मानसाची का तुमची?' मी म्हटलं, 'भाऊ, कादंबरी आहे, तिला स्वातंत्र्य असतं.' दिगूभाऊ म्हणाले, 'असते ना. बुडनाऱ्याले नसते,' आणि फोन ठेवला.

इथवर एक वेळ पांघरूण घालता आलं असतं. पण गेल्या वर्षीच्या श्रावणात कादंबरीकारांच्या चाहत्यांनी त्या 'ऐतिहासिक उताराचं' पूजन काढलं. उतार कुठला, तर जिथे कादंबरीतला सरदार नदी ओलांडतो ती जागा, आणि ती जागा दिगूभाऊंच्या वहीप्रमाणे डोहाची, तिथे कधीच उतार नव्हता. मंडप, ध्वनिक्षेपक, भगवे फेटे, ड्रोन. शिवाय सरदाराचा प्रवेश दाखवायला अमरावतीहून पाच घोड्या आणल्या होत्या, वरातीतल्या. त्या घोड्यांचा युद्धाशी संबंध बँडपुरता. त्यांच्यावर पाच पोट्टे बसून नदीत उतरणार होते आणि ड्रोन ते टिपणार होता. मी मंचावर होतो. माझ्याही डोक्याला फेटा होता. माझ्या डोक्याला तो मोठा होतो आणि कानांवर बसतो.

दिगूभाऊ काठी घेऊन आले आणि थेट पाण्याच्या कडेला उभे राहिले. 'इथून कोनी उतराचं नाई. इथं उतार नाई. रात्री धरनाचे दरवाजे उघडले हायेत, पानी चढून राह्यलं.' एक कार्यकर्ता हसत म्हणाला, 'बाबा, तुम्ही कादंबरी वाचली नाही का?' 'वाचली बे. म्हनूनच आलो.' मग कादंबरीकारांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. इतिहास घडवणारे आणि इतिहासाला भिणारे, असे दोन प्रकारचे लोक असतात, असं काहीसं ते बोलले. टाळ्या पडल्या. दिगूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मंचावर माझ्याकडे पाहिलं. 'जवाईबापू, तुमी सांगा यायले. वही तुमच्यापाशी होती. तुमी वाचली.' सगळा मंडप माझ्याकडे वळला. मला दोन शब्द बोलायचे होते, 'खरं आहे' एवढेच. कादंबरीकारांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी हलका. आणि मी… मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यालो.

पोट्टे वाचले ते घोड्यांमुळे. पहिल्या घोडीने पाण्याला नाक लावलं, कान मागे टाकले आणि हलेचना. बाकीच्या चारही फिरल्या. ओढलं, मारलं, बँड लावून पाहिला, तेव्हा एक जागच्या जागी नाचू लागली, पण पाण्यात एकीनेही पाय घातला नाही. त्या दिवशी त्या मंडपात अक्कल होती ती दिगूभाऊंना आणि पाच घोड्यांना. कार्यक्रम भाषणांवर उरकला. मी वळून पाहिलं तोवर दिगूभाऊ बांधावरून दूर गेले होते, काठी खांद्यावर टाकून. दोन महिन्यांनी दसरा आला. माझं नदीवर जाणं सुटल्यापासून दरवर्षी पलीकडच्या काठाचं सोनं घेऊन अकोल्याला येणारा माणूस आला नाही. शोभाने फोन केला तर म्हणाले, 'बरं नाई वाटून राह्यलं, शोभे.' मी फोन घेतला नाही. पुढच्या वेळी बोलू, असं ठरवून टाकलं. ती पुढची वेळ म्हणजे वांग्याचा वाफा.

तेरवीच्या दिवशी वहिनी आतून काठी घेऊन आल्या. चारचौघांसमोर माझ्या हातात दिली. 'थे सांगून गेल्ते. काठी जवाईबापूले द्या म्हने. त्याईले पोह्यता येत नाई.' दोन-तीन जण गालात हसले. मी काठी घेतली. शेवटचा टोमणा म्हणूनच घेतली, आणि तो मला पोहोचला. पहिली शोकसभा त्याच आठवड्यात अमरावतीत होती. कादंबरीकार पंचवीस मिनिटं बोलले, त्यात दिगूभाऊ चार मिनिटं होते. सभा संपल्यावर मी वही मागितली. त्यांना आधी कुठली वही तेच आठवेना. मग घरी नेलं, माळ्यावरून एक साडीच्या दुकानाची पिशवी काढली आणि वर म्हणाले, 'सर, दुसरी आवृत्ती येतेय. प्रस्तावनेत एक परिच्छेद निंभोऱ्यांवर वाढवून द्या. भावनिक.'

अकोल्याला येऊन वही उघडली. उघडली तशी तिच्यातून आपट्याची पानं मांडीवर गळली, सुकून कागद झालेली. प्रत्येक दसऱ्याच्या नोंदीत त्या वर्षीचं एक पान ठेवलेलं. हात लागताच ती मोडत होती. म्हणजे दिगूभाऊंनी ठेवली तेव्हापासून त्यांना कोणाचा हात लागलाच नव्हता. ज्याने साक्षेपाने उपयोग केला त्याचाही नाही, आणि ज्याने उत्तम म्हटलं त्याचाही नाही. आम्ही दोघं सारख्याच लायकीचे, फरक इतकाच की त्याचा फेटा नीट बसतो. तेव्हा जाहीर सांगतो, या कादंबरीची प्रस्तावना मी लिहिली, ती खोटी आहे, तिच्यातला 'अमूल्य' हा शब्द तेवढा खरा. वहीची झेरॉक्स मी छापायला दिली आहे, दिगांबर निंभोरे यांच्या नावाने, प्रस्तावनेशिवाय.

वाचताना एका वर्षाच्या दसऱ्यावर अडलो. 'पाणी माझ्या मांडीएवढं. परत फिरलो.' एवढंच. तो दसरा मला आठवत होता. नदीच्या मध्यावर आलो होतो, भाऊंनी काठी रोवली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'यंदा शिलांगण एवढंच. वापस चला.' मी चिडवलं होतं, 'काय भाऊ, मांडीभर पाण्याला भ्यालात? फौजी ना तुम्ही?' ते काठी उपटून मागे वळले होते. त्या वर्षी गावाला पलीकडचं सोनं मिळालं नाही. मांडीभर पाण्यातून ते शंभर वेळा गेले असतील. मग का फिरले, ते वहीत नव्हतं.

परवाच्या दसऱ्याला एकटाच गेलो. शोभा नको म्हणत होती. वहीत दिलेला खरा उतार शोधला, काठी रोवली. पाणी त्यांच्या पिंढरीच्या खाचेच्या जरा वर होतं. काठी उपटून पुढे टाकताना हातात फिरली आणि मागच्या अंगाला बोटांना काहीतरी लागलं. तिथेही खाचा होत्या. तितक्याच, पण सगळ्या खाली खाली सरकलेल्या. पाण्यात उभं राहून मी काठी अंगाला लावली. पहिली माझ्या घोट्याला आली. तिसरी गुडघ्याला. मग मांडी, मग कंबर… सगळ्या माझ्या मापाच्या. लग्नानंतरच्या कुठल्या तरी दसऱ्याला, मला न सांगता, नजरेने मोजून त्यांनी त्या पाडल्या असतील. जुन्या होत्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. कमरेच्या खाचेवर सुरीने एक फुली कोरली होती. मी काठी फिरवून पुढून पाहिली. फुलीच्या बरोबर समोर त्यांच्या मांडीची खाच होती.

मी नदीत उभा राहून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग जिथे काठी लागेल तिथे पाय ठेवत पलीकडे गेलो, पानं तोडली आणि आलो. वहिनींना सोनं दिलं, गावात चार घरी दिलं, एक पान वहीत ठेवलं. काठी आता अकोल्याला आमच्या दाराआड उभी आहे, तिचं खालचं टोक अजून ओलसर आहे. वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या अक्षरात नोंद केली आहे. दसरा. पाणी भाऊंच्या पिंढरीच्या वर. माझ्या गुडघ्याएवढं. पार गेलो.